रुमालाखालचा पगार

अंगदरावांना लपवाछपवीची हौस नव्हती, नुसती सवय होती. मुळाकाठ कांदा उत्पादक कंपनीचे ते चेअरमन. माणूस तसा दिलदार. गावात कुणाकडं लग्न असो की दहावा, सगळ्यांत आधी अंगदराव हजर. पण आकडा सांगायची वेळ आली की त्यांची जीभ जड व्हायची. कांदा किती गेला विचारलं तर "बक्कळ". भाव काय मिळाला तर "बरा मिळाला". आणि कंपनीच्या मॅडमला पगार किती देता असं कुणी विचारलंच, तर मिशीवरून बोट फिरवून म्हणायचे, "नाममात्र हो."

या एका शब्दानं पुढचं सगळं रामायण घडवलं.

मॅडम म्हणजे ज्योती औटी, कंपनीची मुख्य कार्यकारी अधिकारी. माहेर पारनेरचं, शिक्षण पुण्याचं. पुण्यातच एका बड्या, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या हिशेब खात्यात तिनं आठ वर्षं काढली होती. सोनईजवळच्या चिंचदऱ्यात सहाशे शेतकऱ्यांनी शेअर घेऊन ही कांद्याची कंपनी काढली, आणि पहिल्याच वर्षी ती गटांगळ्या खाऊ लागली, तेव्हा अंगदराव स्वतः पुण्याला जाऊन ज्योतीला घेऊन आले. तिनं तीन वर्षांत कंपनी काठाला लावली. प्रतवारीची शेड उभी केली, सगळा कांदा घोडेगावच्या लिलावात नेण्याऐवजी थेट दक्षिणेतल्या खरेदीदारांना द्यायला सुरुवात केली. सभासदाला लिलावापेक्षा क्विंटलमागं दोन पैसे जास्त मिळायला लागले. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग पगाराची चर्चा निघाली.

तिचा पगार होता महिना पासष्ट हजार, आणि वर उलाढालीवर अर्धा टक्का. उलाढाल म्हणजे वर्षभरात कंपनीनं विकलेल्या सगळ्या मालाची किंमत. शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं, याच्याशी त्या टक्क्याचा काही संबंध नाही. हे ठरलं ते संचालकांच्या खोलीत, दार लोटून. सभासदांना सांगितलं, नाममात्र. आता शेतकऱ्याला नाममात्र म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको. सरकारची भरपाई नाममात्र असते आणि पुढाऱ्यानं घेतलेली जमीनही नाममात्रच किमतीची असते. त्यामुळं पहिल्या वर्षी पारावर मॅडमचा पगार लाखावर गेला. दुसऱ्या वर्षी दीड लाख झाला. या उन्हाळ्यात भीमातात्यानं तो तीन लाखांवर नेऊन ठेवला आणि वरकड म्हणून मॅडमला पुण्यात एक फ्लॅटही घेऊन दिला.

भीमातात्याच्या शब्दाला गावात वजन होतं. कांदा तर तो लावायचाच, पण उभा जन्म घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाली केलेला माणूस. तिथली रीत अशी, की भाव तोंडानं बोलायचा नाही. हातावर रुमाल टाकायचा, त्याच्याखाली एकमेकांची बोटं दाबायची, आणि सौदा पटला की रुमाल खांद्यावर टाकून चहाला निघायचं. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. भीमातात्याचं म्हणणं सरळ होतं. "रुमालाखाली ठरतं त्यात दोघांचं भलं आन् तिसऱ्याचं वाटोळं असतंय. मी जलमभर त्येच केलं, मला नगा शिकवू." एवढं बोलून तो थांबला असता तर चाललं असतं. पण यंदाचा आपला गावरान कांदा कंपनीला घालायचा नाही, बाहेरच्या व्यापाऱ्याला साठवणीच्या चाळीवरच तोलून द्यायचा, असं त्यानं जाहीर केलं. त्याचं ऐकून निम्मं गाव तीच भाषा बोलू लागलं.

हे ज्योतीच्या जिव्हारी लागलं. सप्टेंबर उजाडला होता. उन्हाळ्यात काढलेला कांदा चाळींमधून भरलेला होता आणि हवा दमट झाली होती. आता तो बाहेर निघाला नाही तर सडणार होता. दक्षिणेतल्या खरेदीदाराला तिनं माल देण्याचा शब्द दिला होता. सभासदांनी कांदा घातलाच नाही, तर तो शब्द बुडणार, खरेदीदार जाणार आणि त्याच्यामागून कंपनीही जाणार. नोकरीची तिला भीती नव्हती. पुण्यात तिला आजही कुणी दारातून परत लावलं नसतं. पण आपण तीन वर्षं खपून उभं केलेलं एका अफवेनं आडवं होणार, या विचारानं तिला घास गोड लागेना.

एके दिवशी सकाळी ती अंगदरावांच्या ओसरीवर जाऊन बसली.

"अण्णा, माझा पगार या वर्षीच्या अहवालात छापू या."

अंगदरावांनी चहाची बशी खाली ठेवली. "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"सव्वा लाखावर थांबली असती तर मी बोलले नसते. भीमातात्यांनी ती तीन लाखांवर नेलीय."

"लोकांचं तोंड कुणी धरावं? आज पगार छापला, उद्या विचारतील एवढा कशापायी, परवा विचारतील चेअरमनचं डिझेल किती. एकदा दार उघडलं की सगळी जत्रा आत येतीय बघा. अन् कायद्यानं लागतंय का ते छापायला?"

"आपल्यासारख्या छोट्या कंपनीवर तेवढी सक्ती नाही. मोठ्या कंपन्यांवर आहे. मोठ्या साहेबाचा पगार पगारपत्रकात मधोमध येणाऱ्या कामगाराच्या किती पट, तेसुद्धा त्यांना दरवर्षी छापावं लागतं."

"मंग छापून तिथं काय दिवे लागलं?"

खरं सांगायचं तर काहीच दिवे लागले नव्हते. पुण्यात आठ वर्षं तो पटीचा आकडा तिनंच काढला होता. तो छापला जायचा दोनशे पानी अहवालाच्या पोटात, मुंगीएवढ्या अक्षरात. एका वर्षी साहेबांचा बोनस शेअरच्या भावाला बांधला गेला. साहेबांनी भाव चढवायला एक अख्खा कारखाना बंद करून टाकला, भाव चढला, बोनस तिप्पट झाला. सगळं नियमाप्रमाणं छापलेलं होतं. सभेला आलेले भागधारक कचोरीचा पुडा उघडण्यात गुंतले होते. त्या दिवशी ज्योतीला पहिल्यांदा त्या नोकरीची शिसारी आली होती.

"दिवे लागले नाहीत, कारण ते कुणी वाचलं नाही," ती म्हणाली. "आणि दुसरं एक. माझा टक्का उलाढालीवर नको. सभासदाला जास्तीचा भाव मिळाला तरच मला मिळावं, असं करा."

अंगदराव हसले. "अवो ताई, आमी तुमचा टक्का अर्ध्याचा एक करायला निघालोय. पुण्याची मानसं तुमाला परत बोलवत्यात, कळलंय मला. वार्षिक सभेत विषय क्रमांक पाच. तीन वर्षांची मुदतवाढ आन् टक्का डबल. आदी मंजूर हुंद्या, मग पुढल्या वर्षी बघू काय बदलायचं ते."

पुढचं वर्ष कधी येत नसतं, हे ज्योतीला ठाऊक होतं. तिनं अहवालाचं काम स्वतःच्या हातात घेतलं. पान नऊवर, चष्मा नसलेल्यालाही दिसेल अशा ठळक मराठीत तिनं लिहिलं: पगार पासष्ट हजार, उलाढालीवर सध्या अर्धा टक्का, पुढं एक टक्का प्रस्तावित, आणि हा पगार शेडवर कांदा निवडणाऱ्या बाईच्या महिन्याच्या मजुरीच्या सहा पट आहे. नियमाप्रमाणं सभेच्या चौदा दिवस आधी अहवाल घरोघर गेला.

पण अंगदरावही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी प्रत्येक अहवालाला वरून स्नेहभोजनाची गुलाबी पत्रिका टाचली. झालं. गावानं पत्रिका दोनदोनदा वाचली, आमटी आहे आणि बुंदीही आहे याची खात्री करून घेतली, आणि खालचा अहवाल ठेवून दिला. कुणाकडं तो पिठाच्या डब्याखाली गेला, कुणी त्याचं शाळेच्या वहीला कव्हर घातलं. पान नऊ उघडायचे कष्ट कुणीही घेतले नाहीत.

सभा प्रतवारीच्या शेडमध्ये भरली. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया, समोर टेबल आणि माईक. शेडच्या मागं आमटीला उकळी फुटली होती आणि वाऱ्याबरोबर तिचा वास थेट सभासदांच्या नाकात येत होता. अंगदरावांनी कढई चुलीवर चढवायची वेळ मोठ्या विचारानं ठरवली होती.

आपल्याकडच्या वार्षिक सभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको, पण न पाहिलेल्यांसाठी सांगतो. विषय वाचायचा अर्धा, आणि उरलेला अर्धा 'मंजूर'च्या गजरात बुडवायचा. चिंचदऱ्यात हा मान रामहरीचा. घसा असा, की एरवी शिवारातली माकडं हाकलायला लोक त्याला बोलवायचे. रामहरीनं पहिला आवाज दिला की सहाशे गळे त्याच्यामागून आपोआप निघायचे. बापजाद्यांपासून हेच चालत आलं होतं, पतसंस्थेत तेच, साखर कारखान्यात तेच.

"विषय एक, मागील सभेचं इतिवृत्त—"

"मंजूर!"

"विषय दोन, ताळेबंद व नफातोटा पत्रक—"

"मंजूर!"

तीन गेला, चार गेला. अंगदरावांनी घाम पुसला आणि एका दमात म्हणून टाकलं, "विषय पाच, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची मुदतवाढ व मोबदला पान नऊप्रमाणे, वाचला असं समजून—"

"मंजूर!"

शेडचे पत्रे हादरले. आणि त्या गजरात एक खर्जातला आवाज ज्योतीनं नेमका ओळखला. उन्हाळाभर तिच्या पगारावरून गाव पेटवत फिरलेल्या भीमातात्यानंही हात वर करून, मान मागं टाकून, जोरात 'मंजूर' ठोकलं होतं.

ज्योती खुर्चीवर तशीच बसून राहिली. झालं होतं काय, तर तिचा टक्का दुप्पट झाला होता आणि तीन वर्षांची नोकरी पक्की झाली होती. कायद्यानं अहवाल पाठवलेला होता, सभेनं ठराव केला होता. तिनं नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसायला काही कष्ट पडत नाहीत, आणि समोर आमटी तयार होती. उठून बोललं तर हेच लोक आपल्याला उभं चिरतील, पगार कापतील, कदाचित हाकलूनही देतील. पण हे लोक उद्या सकाळी पुन्हा पारावर बसतील, पगार चार लाखांवर नेतील आणि कांदा बाहेरच्या व्यापाऱ्याच्या गाडीत भरतील, हेही तिला लख्ख दिसत होतं.

ती उठली आणि तिनं माईक अंगदरावांच्या पुढून स्वतःकडं ओढला.

"भीमातात्या, तुम्ही आत्ता कशाला मंजुरी दिली?"

भीमातात्या जेवणाच्या दिशेनं बघत होता. तो दचकला. "मी? इशय पाचला."

"विषय पाच काय आहे?"

तात्यानं उजवीकडच्याकडं पाहिलं, मग डावीकडच्याकडं. दोघांनीही वर पत्र्याकडं पाहिलं. "जेवनाचा असंल," तात्या म्हणाला.

बायांच्या बाजूला खसखस पिकली.

"जेवणाचा नाही, तात्या. माझ्या पगाराचा. तुम्ही तो आत्ता वाढवून दिला."

मागं आचाऱ्यानं झारा आपटला तो सगळ्या शेडला ऐकू आला. भीमातात्याचा चेहरा तर असा झाला, जणू स्वतःचाच बैल स्वतःच विकत घेऊन बसलाय.

"आणि तो मला असा नको," ज्योती म्हणाली. "न ऐकता दिलेली मंजुरी मी घेणार नाही. मी वाचते, तुम्ही ऐका, आणि मग काय द्यायचं ते तुम्ही सांगा. जेवण दहा मिनिटं उशिरा झालं तर आमटी मुरेल."

तिनं पान नऊ वाचलं. पासष्ट हजार हा आकडा माईकमधून बाहेर पडला आणि सभेतून एक चमत्कारिक सुस्कारा निघाला. लोक रागावले नव्हते. लोकांची निराशा झाली होती.

"महिन्याला?" कुणीतरी विचारलं.

"महिन्याला."

"बस?" भीमातात्या उठून उभा राहिला. उन्हाळाभर केलेल्या मेहनतीवर असं पाणी पडताना पाहून त्याला खरोखर वाईट वाटलं असावं. "आन् मंग फ्लॅट?"

"भाड्याचा होता तात्या, सोडून आले."

आता मात्र सभा हसली. अंगदरावांनी कपाळाला हात लावला. तीन वर्षं ज्या आकड्याला त्यांनी जिवापाड झाकलं होतं, तो ऐकून कुणाच्या डोक्यावर आभाळ कोसळलं नव्हतं.

पण हसण्यावर सगळं निभावणार नव्हतं. बायांच्या बाजूनं साळूबाई उठली. शेडवर कांदा निवडणाऱ्या टोळीची ती पुढारीण, आणि नवऱ्यामागं शेअर तिच्या नावावर झालेली सभासदही. तिनं पदर खोचला.

"मॅडम, सहापट म्हंजी आमी सहा बाया."

"हो."

"आमी सहा बाया दिसभर वाकून कांदा निवडितो, ते समद्यांना दिसतंय. तुमी कचेरीत बसून सहा बायांचं काय काम करता, ते आमाला दिसत न्हाई. ते सांगा, मंग पुढलं बोलू."

प्रश्न बोचरा होता, पण खोटा नव्हता. ज्योतीनं थोडा विचार केला आणि मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगितली. तीन गाड्या कांदा कर्नाटकात गेला होता आणि तिकडच्या व्यापाऱ्यानं माल सडका म्हणून निम्माच भाव लावला होता. ती मिळेल त्या एसटीनं तिकडं गेली, त्याच्या गोदामात त्याच्यासमोर गोण्या उसवल्या, चांगला-वाईट वेगळा करून दाखवला, आणि पूर्ण भाव घेतल्याशिवाय तिथून हलली नाही. तिथं सडका म्हणून निघाला तो जेमतेम दोन गोण्या.

"त्या गोन्या आमीच भरल्या हुत्या," साळूबाई म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "हे तुमी आदी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही."

साळूबाईनं शेजारच्या बायांकडं पाहिलं. मग म्हणाली, "सहापट लई हाय का थोडी, ते मला सांगता यायचं न्हाई. पर एक लिवून घ्या. सहाच्या वर जायाचं न्हाई. मॅडमचा पगार वाढवायचा आसंल, तर आदी निवडनाऱ्या बायांची मजुरी वाढवायची. मंग दोघी संगं वर चढू."

बायांनी टाळ्या वाजवल्या. ज्योतीनं पुण्यात आठ वर्षं काढलेल्या त्या पटीच्या आकड्याचा कुणीतरी आज पहिल्यांदा काही उपयोग केला होता. "हे मला मान्य आहे," ती म्हणाली, आणि तिनं ते तिथल्या तिथं लिहून घेतलं.

"आता टक्क्याचं," ती पुढं म्हणाली. "उलाढालीवर टक्का ठेवलात तर मी काय करीन सांगू? बाहेरच्या जिल्ह्यातला कांदा आणीन. या हातानं घेईन, त्या हातानं विकीन. उलाढाल फुगेल, माझा टक्का फुगेल. तुमचा कांदा चाळीत सडला तरी माझं काही बिघडत नाही."

"ही तर दलाली झाली," भीमातात्या एकदम बोलला. या विषयात त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. "बैल कुनाचा, कितीला गेला, दलालाला काय करायचं? सौदं मोप व्हायला पायजेत. मला ठावं हाय की."

"म्हणून म्हणते, तो टक्का काढून टाका. घोडेगावच्या लिलावाचा महिन्याचा सरासरी भाव धरा. त्याच्यावर मी तुम्हाला जेवढं जास्त मिळवून देईन, त्या जास्तीच्या रुपयातले दोन पैसे मला द्या. जास्त नाही मिळालं, तर मला काही नाही."

भीमातात्याचे डोळे चमकले. सौद्याचा वास आला होता. त्यानं सवयीनं खांद्यावरचा रुमाल काढला आणि हातावर टाकला. "या हिकडं, ठरवून टाकू."

"रुमाल ठेवा तात्या. इथं या, माईकवर."

तात्या माईकसमोर येऊन उभा राहिला आणि भांबावला. आयुष्यात कधी त्यानं भाव तोंडानं बोलला नव्हता. त्याची बोटं उगाचच हलली. मग घसा खाकरून तो म्हणाला, "एक पैसा." स्वतःचाच आवाज कर्ण्यातून ऐकून तो दोन पावलं मागं सरला.

"दोन," ज्योती म्हणाली.

"दीड. आन् त्येबी व्यापाऱ्याचं पैसं आपल्या खात्यात पडल्याबिगर न्हाई. नुसतं कागदावर इकून उपेग न्हाई."

"पैसे जमा झाल्यावरच, हे कबूल. पण दोनच."

"दीड."

"आवं काय दीड-दोन लावलंय," साळूबाई मधेच कडाडली. "तीन द्या तिला."

तात्यानं माईकमधूनच विचारलं, "तू कुनाकडनं बोलतीयास गं?"

"माज्याकडनं. रुपया तुमच्या घरात येनार हाय, त्यातलं तीन पैसं देताना हात का कापतोय? तिचं पोट भरलं तर ती आपल्यासाठी भांडंल. उपाशी बैल नांगर वढत न्हाई, ह्ये तुमाला मी सांगायचं व्हय?"

जनावरांच्या बाजारातल्या त्या जुन्या दलालानं रुमाल परत खांद्यावर टाकला. त्यानं सभेकडं पाहिलं. सभा हसत होती, आणि कधी नव्हे ती पूर्ण जागी होती. पुरुषांच्या बाजूनंही "तीन, तीन" असा आवाज उठला.

"तीन," भीमातात्या माईकमध्ये म्हणाला. मग ज्योतीकडं वळून, माईक चालू आहे हे विसरून, हळूच म्हणाला, "पर पोरी, तुजं नुकसान हाय ह्यात. टक्क्यात जास्ती मिळालं असतं."

"भाव नाही काढला तर आहे नुकसान."

हे सगळ्या शेडनं ऐकलं.

ठराव नव्यानं वाचला गेला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. रामहरीनं सवयीनं तोंड उघडलं, तेव्हा शेजारच्यानं ते हातानं बंद केलं. "हात वर करा," ज्योती म्हणाली, आणि हात वर गेले. बांगड्यांचे, घड्याळांचे, मातीनं काळे पडलेले. तिनं ते हात पाहिले आणि तिचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत.

जेवणाला उठणार, तोच मागून कुणीतरी हाक दिली, "अण्णा, आता तुमचं बी सांगा. डिझेल किती?"

अंगदराव पांढरे पडले. ज्या जत्रेची त्यांना धास्ती होती ती दारात उभी होती. त्यांनी माईक हातात घेतला, खिशातून चष्मा काढला, परत ठेवला, आणि अखेर सांगून टाकलं. सभेचा भत्ता पाचशे रुपये, आणि डिझेलचे वर्षाला अठरा हजार.

"एवढंच?" तात्यानं विचारलं. "आमी तर तुमच्या नावावर नवी गाडी लावून बसलोय."

"एवढंच रं," अंगदराव म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "एवढंच हाय. खिशातलंबी जातंय काही." आणि जेवणाच्या पंगतीत ते पानापानाशी थांबून, कुणी विचारलं नसतानाही, लोकांना कंपनीचे आकडे सांगत फिरले. पाहणाऱ्याला वाटलं असतं, माणूस आजारातून उठलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योती कंपनीच्या फाटकाशी आली आणि जागीच थांबली. फाटकापासून मारुतीच्या देवळापर्यंत कांद्यानं भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली होती. सगळ्यांत पुढं भीमातात्या, ट्रॉलीवर मांडी घालून बसलेला.

"काल तुमचा पगार आमी ठरवला," तो वरूनच म्हणाला. "आता आमचा भाव तुमी काढा."

तिनं तिथंच उभं राहून खरेदीदाराला फोन लावला. एरवी हे बोलणं ती दार लावून करायची. आज तिनं स्पीकर चालू केला आणि मोबाईल तात्याच्या ट्रॉलीच्या फळीवर ठेवला. ट्रॅक्टरची इंजिनं एकामागून एक बंद झाली. माणसं भोवती गोळा झाली. खरेदीदारानं हिंदीत क्विंटलला बावीसशे सांगितलं. हा घोडेगावच्या भावापेक्षा दोनशेनं वर होता, आणि काल-परवापर्यंत ज्योतीनं तो घेतला असता.

"पंचवीसशे," ती म्हणाली.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग बाजार कसा पडलाय, वाहतूक कशी वाढलीय, हे सगळं झालं. ज्योती ऐकत राहिली. तिच्याभोवती अख्खं गाव कान देऊन उभं होतं आणि तिला आयुष्यात कधी एवढं निवांत वाटलं नव्हतं. "माल बघायला माणूस पाठवा," ती म्हणाली. "एकही गोण परत जाणार नाही, ही हमी. पण भाव पंचवीसशेच."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. भीमातात्याची बोटं मांडीवर हलत होती.

"गाडियाँ कब भेजूँ, मॅडम?" पलीकडून विचारणा झाली.

जे झालं ते आत उतरायला लोकांना वेळ लागला. तात्यानं खांद्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं आणि बराच वेळ तो तोंडावरच धरून ठेवला. अंगदराव रांगेच्या टोकाकडं धावत निघाले, प्रत्येक ट्रॉलीपाशी थांबून मोठ्यानं आकडा सांगत. आणि शेडच्या दारातून साळूबाईनं आत वळून हाक दिली, "बायांनो, चला, हात चालवा. आज आपली बी मजुरी काढायची हाय."